कॉर्डलेस माइकचा जोडसेट: वाचनालयाच्या व्याख्यानमालेत वापरून बघितलेला

आमच्या वाचनालयाची मे महिन्यात व्याख्यानमाला असते. तालुक्याचं गाव, जुना हॉल, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंतीवर देणगीदारांचे फोटो आणि सव्वाशे-दीडशे माणसं. यंदा त्यासाठी कॉर्डलेस माइकचा जोडसेट घेतला, म्हणजे एक हातातला माइक, एक कॉलरला लावायचा (त्याची डबी कमरेला अडकवायची) आणि दोन अँटेनावाला रिसीव्हर, जो आपल्या जुन्या अँप्लिफायरला लागतो. साडेपाच हजाराच्या आतबाहेर पडला. ब्रँडचं नाव देत नाही कारण हाच डबा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळतो, वरचं स्टिकर तेवढं बदललेलं असतं, त्यामुळे नाव सांगून तसा कुणाला उपयोग नाही. काय बघून घ्यायचं ते सांगतो.

या सेटला मार्क देताना मी एकच गोष्ट बघितलीय. मागच्या रांगेपर्यंत आवाज जातो का, हे सगळेच बघतात, बॉक्सवर पण तेच लिहिलेलं असतं, एवढे मीटर रेंज, तेवढे वॅट वगैरे. पण व्याख्यान म्हणजे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं असं नसतं ना हो, समोरची माणसं सतत काहीतरी परत देत असतात, कुणी "हं" म्हणतं, कुणी मान हलवतं, कुणाची खुर्ची सरकते, कुठे हशा अर्धवट येतो, आणि चांगला वक्ता त्यावर पुढचं वाक्य ठरवतो. मग माइक लावल्यावर बोलणाऱ्याला हे सगळं ऐकू येतं का बंद होतं, मला ते बघायचं होतं. आजवर आमच्या हॉलमध्ये ते बंदच व्हायचं.

खरेदी पुण्यात, तपकीर गल्लीत केली. तिथल्या दुकानदारांनी बजेटच्याही आधी विचारलं की हॉलला छत कशाचं आहे आणि स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे आहेत का मागे. तिथेच मला माणूस आवडला. स्वस्तात २.४ गिगाहर्ट्झवाले सेट पण होते, दिसायला छोटे आणि गोंडस, पण ते म्हणाले हे वायफायच्याच पट्ट्यात चालतात, तुमच्याकडे दीडशे माणसं दीडशे मोबाइल घेऊन बसणार, आणि मधे माणसांची शरीरं आली की हा सिग्नल दबतो, त्यापेक्षा यूएचएफ (म्हणजे वायफायपेक्षा खालच्या पट्ट्यात चालणारा सेट) घ्या. घेतला. मालिका संपेपर्यंत सिग्नल एकदाही तुटला नाही, फक्त रिसीव्हर टेबलाखाली किंवा कपाटात कोंबायचा नाही, उघड्यावर, माइकला दिसेल असा ठेवायचा. एवढं पाळलं की रेंजबद्दल माझी तक्रार शून्य.

हातातला माइक आधी घेतो कारण तो खरंच चांगला निघाला. समोरून बोललेलं घेतो आणि मागचं बऱ्यापैकी टाळतो, त्यामुळे कुईं होण्याचं प्रमाण कमी. फक्त तो धरता आला पाहिजे. आपल्याकडच्या सूत्रसंचालकांना जाळीच मुठीत आवळून धरायची सवय, टीव्हीवर गाणारे धरतात तसं, आणि जाळीच्या मागच्या-खालच्या बाजूला ज्या फटी असतात त्याच बंद होतात, मागचा आवाज कापायचं काम त्यांचंच असतं, त्या बुजल्या की माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि मग बोंबलतो. मग सगळे साउंडवाल्या पोराकडे रागाने बघतात. पोराची काहीच चूक नसते. दांड्याला धरा, तोंडापासून चार बोटांवर ठेवा, विषय मिटला.

कॉलर माइकवर माझा राग आहे आणि तो एकट्या या सेटवर नाही, जातीवरच आहे. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की पोचणारा आवाज ६ डेसिबलने पडतो, चौपट झालं की १२ ने. हातातला माइक पाच सेंटिमीटरवर, कॉलरचा छातीवर म्हणजे वीस-पंचवीसवर. ही तूट भरायला अँप्लिफायर वाढवायचा, वाढवला की पत्र्यावरून आपटून आलेला आवाज तोच माइक पुन्हा घेणार, आणि शिट्टी. शिवाय बहुतेक कॉलर माइक चारी बाजूंचं घेणारे असतात. साउंडवाला मग घाबरून आवाज कमीच ठेवतो आणि मागून "आवाज येत नाहीये" अशी आरोळी येते.

दुसऱ्या दिवशीचे वक्ते म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, बोलायला फार रसाळ, आणि त्यांची सवय अशी की वाक्याचा शेवट उजवीकडे वळून करायचा, तिकडे बायकांच्या खुर्च्या होत्या आणि तिकडून दाद जास्त येत होती. माइक डाव्या कॉलरला. म्हणजे प्रत्येक वाक्याचं शेपूट गायब! "आणि मग महाराजांनी काय केलं असेल तर..." आणि पुढचं फक्त उजवीकडच्या दोन रांगांना कळलं, त्या हसल्या, डावीकडचे एकमेकांकडे बघत बसले. अर्ध्या हॉलला हशा आणि अर्धा हॉल कोरडा, यासारखी वाईट गोष्ट वक्त्यासाठी दुसरी नाही, कारण त्याला वाटतं डावीकडच्यांना विषयच आवडलेला नाही, मग तो आणखी उजवीकडे वळतो. शेवटी मी स्टेजवर जाऊन माइक मधोमध, शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या पट्टीवर लावला. बरंच सुधारलं. हे आधीच करायचं असतं, आणि क्लिप अशी हवी की गोल फिरते, नाहीतर मधोमध लावताच येत नाही. या सेटची क्लिप फिरते, त्याचा अर्धा मार्क.

बायकांसाठी तर कॉलर माइक बनवणाऱ्यांनी काही विचारच केलेला नाही. डबी अडकवायला पट्टा लागतो, साडीला पट्टा कुठून आणणार, पदरालाच माइक लावला तर पदर सावरताना भर्र भर्र आवाज, काठ जरीचा असेल तर आणखी, आणि मंगळसूत्र किंवा गळ्यातली माळ माइकवर आपटली की हॉलभर टक टक. आमच्या एका वक्त्या डॉक्टर होत्या, पाळीच्या आरोग्यावर बोलणार होत्या, विषय आधीच असा की गावात लोक अवघडून बसतात, त्यात सुरुवातीचा वेळ डबी कुठे ठेवायची यातच गेला. त्यांनी सरळ कॉलर माइक काढून माझ्या हातात दिला आणि हातातला मागून घेतला. छान बोलल्या. धोतर नेसणाऱ्यांचीही हीच अडचण.

आता कीर्तनाबद्दल. मालिकेत एक दिवस नारदीय कीर्तन ठेवतो. मला वाटलं होतं कॉलर माइक इथे तरी कामाला येईल, बुवा फिरतात, नाचतात, हातात चिपळ्या, हातातला माइक शक्यच नाही. पण चिपळी छातीजवळ वाजली की कॉलर माइकमधून कानाखाली दिल्यासारखा आवाज येतो. बुवांनी तो लावून बघितला आणि काढला, म्हणाले स्टँडवरचाच असू दे. मग हातातलाच माइक स्टँडला लावून दिला. आणि तो माणूस काय सुंदर वापरत होता! अभंग आळवताना एक पाऊल मागे, संवाद म्हणताना पुढे, कुजबूज करायची तर माइकच्या अगदी जवळ (जवळ गेलं की अशा माइकमध्ये आवाज आपोआप भरदार होतो, खालचा सूर वाढतो), म्हणजे आवाजाचं बटण त्यांच्या पायातच होतं. पूर्वरंग चालू असतानाच साउंडवाल्या पोराला हाताने खूण केली, कमी कर. आम्ही चपापलो, मागे ऐकू जाईल का. मध्यंतराला हार-बुक्का झाला तेव्हा विचारलं, तर म्हणाले, लोकांना जरा पुढे झुकू दे रे, आवाज अंगावर आला की माणूस टेकून बसतो आणि शेजारच्याशी बोलायला लागतो.

उत्तररंगात मी मुद्दाम मागे जाऊन उभा राहिलो. खरं होतं. आवाज मोठा नव्हता पण कुणी बोलत नव्हतं, आणि बुवांनी नामगजर सुरू केला की लोकांचा "विठ्ठल विठ्ठल" स्पीकरपेक्षा मोठा येत होता. त्यांना तो ऐकू येत होता आणि त्यावरच त्यांची लय ठरत होती, लोक दमले की थांबत होते, रंगले की आणखी एक आवर्तन. कीर्तनात ही सोय मुळातच आहे बघा, थोड्या थोड्या वेळाने लोकांना बोलतं करायचं, म्हणजे कोण जागं आहे ते कळतं. पोवाड्यात झीलकरी "जी जी" करतात तेही तेच काम. व्याख्यानात अशी सोय नाही, तिथे वक्त्याला लोकांच्या खोकण्यावरूनच अंदाज घ्यावा लागतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा सभेत माइक नव्हताच, लाउडस्पीकरवरून जमावाशी बोलणं १९१५ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालं. म्हणजे बोलणाऱ्याने छातीतून बोलायचं आणि ऐकणाऱ्याने शांत राहायचं, नाहीतर कुणालाच काही मिळणार नाही. आज उलटं झालंय, स्पीकर आहे ना, मग आपण बोललो तरी काय बिघडतं अशी वृत्ती. आणि लोक बोलतात म्हणून आवाज वाढवायचा, वाढवला म्हणून लोक आणखी मोठ्याने बोलणार. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो हे एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये सांगून ठेवलंय, त्याला लोंबार इफेक्टच म्हणतात. वक्त्याचंही तेच होतं. डोक्यावर पंखे घरघरतायत, आपला आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही, की तो ओरडायला लागतो, आणि ओरडून कुणी कधी विनोद सांगू शकत नाही. आम्ही स्टेजवरचा पंखा बंद केला आणि वक्त्याला छोटा टेबलफॅन लांबून दिला, फार फरक पडला.

इथेच ब्लूटूथचं सांगतो कारण बरेच जण विचारतात की घरी पार्टीचा मोठा ब्लूटूथ स्पीकर आहे, माइक त्यालाच जोडला तर? बिनतारी जोडणार असाल तर नको. ब्लूटूथमध्ये आवाज १००-२०० मिलिसेकंद सहज मागे पडतो. गाणं ऐकताना कळत नाही, पण बोलताना आपलाच शब्द पाव सेकंदाच्या आतबाहेर उशिरा कानावर आला की जीभ अडखळायला लागते, साधारण २०० मिलिसेकंदाच्या आसपास हा त्रास सगळ्यात जास्त. भलेभले चाचरतात. लोक म्हणतात वक्ता तयारी करून आला नाही. या सेटमध्ये तसा उशीर जाणवत नाही, रिसीव्हरपासून वायरीने अँप्लिफायर, अँप्लिफायरपासून वायरीने स्पीकर, जुनी पद्धत पण बिनघोर.

आणि ट्रॉली स्पीकरवर इको नावाचं बटण असतं ते व्याख्यानाला शून्यावर. वाद नाही. ते कराओकेसाठी आहे. आमच्या पत्र्याच्या हॉलमध्ये निसर्गानेच भरपूर इको दिलेला आहे. बेसही कमी करा, भारदस्त वाटावं म्हणून लोक बेस फिरवून ठेवतात आणि मग श, स, च, त ही अक्षरं गिचमिड होतात, शब्द ओळखू येतो तो २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपासच्या आवाजामुळे, धमधमण्यामुळे नाही. रिकाम्या हॉलमध्ये "हॅलो हॅलो, माइक चेक" करून जे सेटिंग लावता ते माणसं भरल्यावर बदलतं हेही लक्षात ठेवा, माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. म्हणून पाहुण्यांची ओळख करून देणं चालू असतं तेव्हा सेटिंग करा, तसंही तेव्हा कुणी ऐकत नसतं.

आता या सेटचे पैसे वसूल कुठे झाले ते. प्रश्नोत्तरात. पूर्वी काय व्हायचं, चौथ्या रांगेतले काका उठायचे, काहीतरी विचारायचे, ते वक्त्याला आणि शेजारच्या दोघांना कळायचं, मग वक्ता त्या काकांकडे बघून दहा मिनिटं उत्तर द्यायचा आणि उरलेला हॉल "प्रश्न काय होता?" करत चपला शोधायला लागायचा. आता वक्त्याला पोडियमचा वायरवाला माइक आणि हातातला कॉर्डलेस लोकांत. प्रश्न सगळ्यांना ऐकू जातो, त्यामुळे उत्तर सगळ्यांचं होतं. बारावीतल्या एका मुलीने अगदी हळू आवाजात विचारलेला प्रश्न (वक्ते शेतीमालाच्या भावावर बोलले होते, तिने विचारलं की मग आमच्या बाबांनी यंदा कांदा लावायचा का नाही लावायचा) माइक नसता तर हवेत विरला असता. वक्ते थांबले, हसले नाहीत, तिला विचारलं जमीन किती, पाणी किती, चाळ आहे का साठवायला, आणि दहा मिनिटं व्याख्यान सोडून त्या मुलीशी बोलत राहिले, हॉल पूर्ण शांत, कारण निम्म्या हॉलच्या मनात तोच प्रश्न होता.

फक्त एक नियम. माइक प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात द्यायचा नाही. स्वयंसेवकाने धरायचा. आपल्याकडे हातात माइक आला की "प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलू इच्छितो" सुरू होतं आणि दोन शब्दांचं आणीबाणीपर्यंत जातं. स्वयंसेवकाच्या हातात असला की तो हळूच अर्धं पाऊल मागे घेतो आणि माणूस आपोआप प्रश्नावर येतो. आमच्याकडे हे काम ग्रंथपाल बाई करतात, त्यांचं कौशल्य बघण्यासारखं आहे. बाकी माइक घेऊन हॉलमध्ये फिरताना स्पीकरच्या समोरून जायचं नाही, कडेकडेने जायचं, नाहीतर कुईं ठरलेली. खाली म्यूटचं बटण आहे ते मात्र फार हलकं आहे, हाताचा अंगठा लागून बंद होतं आणि कळत नाही. आम्ही त्यावर चिकटपट्टी मारली.

पैसे न लागणारी पण माइकइतकीच महत्त्वाची गोष्ट, हॉलचे दिवे. समोर अंधार आणि तोंडावर हॅलोजन असं नाटकाला ठीक आहे. व्याख्यानाला वक्त्याला चेहरे दिसले पाहिजेत. आम्ही सगळ्या ट्यूब चालू ठेवल्या आणि पहिल्या रांगेतला मान्यवरांचा सोफा काढून टाकला, कारण मान्यवर उद्घाटनानंतर निघून जातात आणि वक्ता उरलेला आठवडा रिकाम्या सोफ्याशी बोलतो. सोफ्यावरून कमिटीत बरंच वाजलं, ते इथे नको.

बॅटरी: दोन्हीत दोन-दोन पेन्सिल सेल. रोज नवीन टाका, कंजुषी करू नका, वक्ता रंगात आला असताना माइक मेला तर तो रंग परत येत नाही, लोक घड्याळ बघतात, कुणीतरी उठतं आणि त्याच्यामागे चार जण उठतात. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे या सेटचा बॅटरीचा दिवा लवकरच लाल दाखवतो, ते चालतात पण वक्ता घाबरतो. हातातल्या माइकची बॉडी प्लास्टिकची, फरशीवर पडला तर काही खरं नाही. फोमची टोपी एकच दिलीय, ती हरवणारच, येतानाच दोन-चार जास्तीच्या घ्या, आणि सॅनिटायझरचा बोळा जवळ ठेवा कारण प्रश्नोत्तरात ती दहा जणांच्या तोंडासमोर जाते.

मार्क: हातातला माइक पाचपैकी चार. रिसीव्हर चार. कॉलर माइक अडीच, तोही फिरत्या क्लिपमुळे. तुमच्याकडे योगासनं शिकवणारे किंवा फळ्यावर लिहिणारे वक्ते असतील तर कॉलर लागेल, नाहीतर याच कंपन्यांचे दोन्ही हातातलेच माइक असलेले सेट मिळतात, ते घ्या, एक वक्त्याला आणि एक लोकांना. घेताना आपला अँप्लिफायर जमल्यास सोबत न्या, नाहीतर मागच्या सॉकेटचा फोटो तरी न्या, पिन वेगळी निघाली तर परत पुण्याला चक्कर. आणि दुकानात लावून बघताना दोघं जा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने दुकानाच्या दारात, रस्त्याच्या आवाजात उभं राहून ऐकायचं, बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज नेहमी चांगलाच वाटतो.